पुन्हा धोमच्या वाटेवर

वाचकहो, वाईहून मेणवलीमार्गे धोम धरणाकडे जाणारा रस्ता तुमच्यापैकी पुष्कळांनी एसटीतून किंवा मोटारसायकलवरून पाहिला असेल. मी तो सायकलवरून पाहिला आहे, आणि तोही दोनदा शिकलो आहे. पहिल्यांदा शिकलो तेव्हा मी तेवीस वर्षांचा, बी. एस्सी. (कृषी) होऊन नुकताच नोकरीला लागलेला. खात्याची गाडी साहेबांना, आणि आम्हा खालच्या मंडळींना स्वतःची सायकल. बियाण्याचे नमुने, माती परीक्षणाच्या पिशव्या आणि भाकरीचे फडके कॅरिअरला बांधून मी या खोऱ्यातली गावे पालथी घातली. दुसऱ्यांदा शिकलो तो २०२५ च्या फेब्रुवारीत, छातीचे हाड मधोमध चिरून पुन्हा तारेने बांधल्यावर. त्या दुसऱ्या शिकण्याची ही हकीकत आहे.

आजाराचे थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझा शहाणपणा काही दिसत नाही. २०२४ च्या पावसाळ्याअखेर बांध चढताना छातीवर कोणी पोते ठेवल्यासारखे वाटू लागले. थांबले की जाई, चालू लागलो की परत येई. मी ते पित्त म्हणून सोडले. सोडा प्यायलो, जिरे चघळले. हिने दोनदा म्हटले, डॉक्टरांना दाखवा. मी म्हणालो, "पंचनामे होऊ देत." सोयाबीन पाण्यात गेले होते, याद्या पुऱ्या करायच्या होत्या, हे खरेच होते. पण माझ्यावाचून त्या अडल्या नसत्या, हेही तितकेच खरे. दिवाळीनंतर एका सकाळी तो भार डाव्या हातात आणि जबड्यात उतरला आणि बसल्याजागी घाम फुटला, तेव्हा कुठे मी गाडीत बसलो. तपासणीत तीन ठिकाणी रक्तवाहिन्या तुंबलेल्या निघाल्या. नोव्हेंबरात बायपास झाली.

बायपास म्हणजे काय, हे मला डॉक्टरांनी चित्र काढून सांगितले. ते पाहून मी म्हणालो, हे तर आमचेच काम आहे. पाटात दरड कोसळली तर आपण ती उकरत बसत नाही, बाजूने चर काढून पुढे पाणी नेतो. तसेच पायातली एक शीर काढून, आणि छातीच्या आतली एक रक्तवाहिनी वळवून, तुंबलेल्या जागेच्या पुढे रक्त नेऊन सोडतात. पायातल्या शिरेचा हा उपाय १९६७ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे डॉ. रेने फाव्हालोरो यांनी रूढ केला. हे गृहस्थ मूळचे अर्जेंटिनाचे. मोठे सर्जन होण्याआधी सुमारे बारा वर्षे ते तिकडच्या एका खेड्यात साधी डॉक्टरकी करत होते. गुरे आणि गव्हाच्या मुलखातला डॉक्टर! हे वाचल्यापासून मला त्यांच्याविषयी घरच्यासारखे वाटते.

घरी आल्यावर पहिले सहा आठवडे मी काही केले नाही, आणि तेच सर्वांत अवघड गेले. पाण्याची कळशी उचलायची नाही. दार जोराने ओढायचे नाही. उठताना हातांवर भार द्यायचा नाही. खोकला आला तर उशी छातीशी कवटाळून खोकायचे. हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि पुरते घट्ट व्हायला तीन महिने. आंब्याचे कलम बांधल्यावर फांदी हलवू नका, पट्टी सोडून पाहू नका, हे मी तीस वर्षे लोकांना सांगत आलो. आता कलम माझ्याच छातीवर होते आणि पट्टी सोडून पाहण्याची खाज मलाच होती. ज्या पायातली शीर काढली तो संध्याकाळी सुजत असे, म्हणून उशीवर वर ठेवून बसावे लागे. अंगणात पाच मिनिटे चालायचे, मग दहा, मग गल्लीच्या टोकापर्यंत.

सायकलचे नाव मी सहाव्या आठवड्यात काढले. डॉक्टर म्हणाले, "रस्त्यावर तीन महिन्यांशिवाय नाही. पाय चालवण्याला माझी हरकत नाही, पण पडण्याला आहे. हाड पुरते सांधण्याआधी एकदा पडलात तर माझे आणि तुमचे दोघांचेही काम वाढेल." शहरात अशा माणसांसाठी जागेवर फिरणारी सायकल मिळते. आमच्या घरी ती कुठून असणार? पण मुलीची शाळेतली सायकल परसात गंजत पडली होती. तिला मागे दोन पायांचा भक्कम स्टँड आहे. ती अंगणात उभी केली, की मागचे चाक जमिनीपासून वर राहते. साखळीला तेल घातले आणि बसलो पायडल मारत.

आमच्या गल्लीत पूर्वी कात्र्या-सुऱ्यांना धार लावणारा असाच स्टँडवर सायकल लावून पाय मारत बसायचा. पहिल्याच दिवशी शेजारच्या काकू विळी घेऊन आल्या. "बसलाच आहात तर एवढी लावून द्या," म्हणाल्या. मी हसलो, आणि हसताना छाती दुखली. पण ऑपरेशननंतरचे ते पहिले मोकळे हसू.

माझी स्वतःची बावीस इंची ॲटलस माळ्यावर आहे. ती काढायचा मोह झाला. पण पुरुषी सायकलला मधला दांडा. त्यावरून टांग टाकायची म्हणजे हँडलवर भार आणि छातीला ताण. शिवाय हँडलवर वाकून बसावे लागते. मुलीच्या सायकलला दांडा नाही, हँडल उंच, बसणे ताठ. सीट इतकी खाली केली, की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकावेत. दिसायला ते शोभत नव्हते, हे कबूल. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकलदिनी बंद पडला. त्या दिवशी मला घरचे कोणी गेल्यासारखे वाटले होते. आता त्याच माणसाने गुलाबी रंगाच्या लेडीज सायकलवर बसायचे. फेब्रुवारीत तपासणी झाली, डॉक्टरांनी छाती दाबून पाहिली आणि परवानगी दिली. त्या दिवशी मला रंगाची लाज राहिली नाही.

पहिली फेरी गणपती घाटापर्यंत. वाईला नदीकाठी कृष्णाबाईच्या उत्सवाचे ते दिवस. सात घाटांवर पाळीपाळीने उत्सव बसतो, त्यामुळे रस्त्यात मांडव, पाने-फुले आणि जेवणावळीची गडबड. मी सायकल हातात धरून ढोल्या गणपतीपुढे उभा राहिलो. हे देऊळ रास्त्यांनी १७६२ साली बांधले. गाभाऱ्यामागची भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती केली आहे, म्हणजे पुराचे पाणी त्यावर आदळत नाही, दुभंगून दोन बाजूंनी निघून जाते. किती तरी पूर त्या भिंतीने असे वाटेला लावले असतील. मी लहानपणापासून पाहत आलो, पण त्या दिवशी जरा जास्त वेळ पाहिली.

दुसरी फेरी मेणवलीची, तीन किलोमीटर. हिची परवानगी तिथपर्यंतच होती, आणि तीही तीन अटींवर: ऊन पडल्यावर निघायचे, खिशात मोबाईल आणि जिभेखालची गोळी ठेवायची, आणि पोहोचल्यावर फोन करायचा. ऊन पडल्यावर, हे डॉक्टरांनीही बजावले होते. थंडीत रक्तवाहिन्या आखडतात आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. माघातल्या पहाटे या खोऱ्यात धुके नदीवरून उठून उसात शिरते, आणि उसाच्या ट्रॉल्या त्याच वेळी निघतात, मागे दिवा नसलेल्या. धडधाकट माणसानेही तेव्हा सायकल काढू नये.

मेणवलीचा घाट ठाऊक नाही असा माणूस आता विरळा. 'स्वदेस' हा चित्रपट २००४ साली आला, त्याचे चित्रण इथे झाले. तेव्हापासून रविवारी मोटारी लागतात. पण सोमवारी सकाळी अकराला तिथे मी आणि धुणे धुणाऱ्या दोन बाया, एवढेच होतो. नाना फडणविसांचा वाडा, मागे घाट, घाटावर मेणेश्वराचे आणि विष्णूचे देऊळ, आणि एका लहानशा घुमटीत टांगलेली पंचधातूची भली मोठी घंटा. ही पोर्तुगीजांच्या चर्चची. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, त्या विजयानंतर अशा घंटा देशावर आल्या. हिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. समुद्रकाठची घंटा कृष्णाकाठी महादेवापुढे वाजत राहिली आणि कोणाला काही खटकले नाही. घाटाच्या पायऱ्या मी उतरलो नाही. उतरणे सोपे, चढणे बाकी होते. वरूनच पाणी पाहिले आणि घरी फोन केला.

असे आठ-दहा दिवस मेणवली करून झाल्यावर मला धोमची ओढ लागली. मेणवलीपासून पुढे पाच-सहा किलोमीटर. वाटेत भोगाव, तिथे वामन पंडितांची समाधी. उजव्या हाताला पांडवगड सोबत असतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, गहू आणि वाईची जुनी ओळख असलेली हळद. आता स्ट्रॉबेरीही पाचगणीच्या डोंगरावरून इकडे खाली उतरली आहे. एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, म्हणून सांगतो: हिला मी त्या दिवशी "मेणवलीच्या जरा पुढे" एवढेच म्हणालो.

चाल किती ठेवायची, हे कळायला एक साधी खूण आहे. ऑपरेशननंतर ज्या गोळ्या देतात त्यांतल्या काही नाडी मुद्दाम मंद ठेवतात, म्हणून नाडी मोजून अंदाज चुकतो. त्यापेक्षा पायडल मारताना बोलता आले पाहिजे. एक पुरते वाक्य न थांबता बोलता येईना, की चाल कमी करायची. मी रस्त्याने पिकांशी बोलत होतो. गव्हाला म्हणालो, पाणी जरा जास्त झाले आहे तुला. उसाला म्हणालो, पाचट जाळू देऊ नकोस. कोणी पाहिले असते तर छातीबरोबर डोकेही बिघडले म्हणाले असते.

धरण जवळ आले की रस्ता चढू लागतो. फार नाही, पण बिनगिअरच्या सायकलला पुरेसा. हा चढ मी पंचवीस वर्षांचा असताना शिट्टी वाजवत चढत असे. आता तिसऱ्या भागात वाक्य तुटले. मी उतरलो. उतरून सायकल ढकलणे हा सायकलवाल्याला केवढा अपमान वाटतो, हे ज्याने सायकल चालवली आहे त्यालाच कळेल. मागून एक ट्रॅक्टर गेला, त्यावरच्या पोराने वळून पाहिले. मी घड्याळ पाहिल्यासारखे केले.

नेमका तिथेच रस्त्याला लागून आप्पांचा मळा आहे. आप्पा माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. मी नवा असताना हळदीचे पहिले बेणे प्रक्रियेचे प्रात्यक्षिक त्यांच्याच खळ्यावर घेतले होते. त्यांनी लांबूनच हाक मारली.

"साहेब? आन् सायकलवर? कुणाची म्हनायची ही?"

"मुलीची आहे आप्पा."

"बरी हाय. रंग तेवढा बोलतोय."

मळ्यात हळदीची काढणी चालली होती. पाला कापून झाला होता. पुढे गडी कुदळीने सरी उकरत होते आणि मागे बायका माती झाडून जेठे गड्डे, बगल गड्डे आणि हळकुंडे निरनिराळ्या ढिगांत टाकत होत्या. ओल्या हळदीचा वास ज्याने घेतला आहे त्याला सांगायला नको. पूर्वी इथे पाचटाच्या जाळावर काहिलीत हळद शिजे. वर गोणपाट, त्यावर माती, आणि फेस येऊन वास सुटेपर्यंत आप्पा रात्र रात्र काहिलीपाशी बसत. आता वाफेचा कुकर ट्रॅक्टरला जोडून भाड्याने येतो. काम लवकर होते, पण त्याची पाळी लावावी लागते. पाळी चुकली की पुढे आठ-दहा दिवस तो फिरकत नाही, आणि काढलेली हळद ढिगात पडून राहते.

वहिनींनी चहा आणला. मी बिनसाखरेचा मागितला, म्हणून त्यांनी कारण विचारले, म्हणून मी शर्टाची वरची दोन बटणे काढून व्रण दाखवला. गळ्याच्या खाली चार बोटांवर सुरू होऊन सरळ खाली गेलेली रेघ. वहिनींनी पदर तोंडाला लावला. आप्पा बराच वेळ पाहत राहिले. मग ते हळूच म्हणाले,

"सुरुवातीला काय हुत हुतं तुमाला?"

मी सांगितले. पोते ठेवल्यासारखे. चढ लागला की. थांबले की जाते.

आप्पा चहाची बशी खाली ठेवून मळ्याकडे पाहू लागले. "ह्याच चढाला मलाबी हुतं," ते म्हणाले. "दिवाळीपास्नं. वाईच थांबलं की जातंय. म्हटलं वय झालं."

वाचकहो, मी धरण पाहायला निघालो होतो. त्याखालच्या देवळात कमळाच्या आकाराचे कुंड आहे, त्यात दगडी कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप. ते पाहून उन्हाच्या आत परतावे, एवढाच माझा बेत. तो तिथेच राहिला. मी आप्पांना म्हटले, उद्या सातारला चला. आप्पा म्हणाले, "हळद निघू द्या. कुकरची पाळी शुक्रवारी हाय. त्यानंतर वाळवण, मग पॉलिश. शिमगा झाला की येतो."

हे वाक्य मी ओळखले. शब्द तेवढे वेगळे होते. "पंचनामे होऊ देत" म्हणताना माझा चेहरा कसा दिसला असेल, ते मला त्या दिवशी समोर बसून पाहायला मिळाले. तीस वर्षे मी आप्पांना सांगत आलो, की करपा पडायची वाट पाहू नका, पानावर पहिला ठिपका दिसला की फवारा. आणि स्वतः? म्हणून मी उपदेश केला नाही. मी फक्त माझ्या पंचनाम्यांची गोष्ट सांगितली. शेवटी त्या याद्या कोणी पूर्ण केल्या, तेही सांगितले. माझ्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या एका कृषी सहायकाने, तीन दिवसांत, आणि माझ्यापेक्षा नीट.

आप्पा हसले, पण हलले नाहीत. "खर्चाचं काय?" म्हणाले. म्हणजे मनात विचार शिरला होता. राज्य सरकारची महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झाली, २०१७ पासून हे नाव आहे. हृदयाची ऑपरेशने त्यात बसतात. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र म्हणून एक माणूस बसलेला असतो, त्याला रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवायचे. हे मी सांगत होतो आप्पांना, पण ऐकत होत्या वहिनी. त्या उठून घरात गेल्या. ट्रंकेचे झाकण वाजले. बाहेर आल्या तेव्हा हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले रेशनकार्ड होते.

"कुकरपाशी मी उभी ऱ्हाते," त्या आप्पांना म्हणाल्या. "इतकी वर्सं काहिलीपाशी लाकडं कोन घालत हुतं?"

परतताना उतार होता. पायडल मारावे लागले नाही. ब्रेक तेवढा धरून बसलो. उताराला वेग घेऊ नये हेही डॉक्टरांचेच सांगणे. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असते, खरचटले तरी रक्त लवकर थांबत नाही. मेणवलीपाशी हिचा फोन आला. "जरा पुढे म्हणजे किती पुढे?" मी खरे सांगितले. ती थोडा वेळ बोलली नाही. मग आप्पांचे सांगितले, तेव्हा म्हणाली, "उद्या त्यांच्याबरोबर तुम्ही जा. एसटीने."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाई स्थानकात आप्पा आणि त्यांचा मुलगा उभे होते. धुतलेले धोतर, नवी टोपी, आणि दहाही नखे पिवळीजर्द. दवाखान्यात कार्डिओग्राम काढणाऱ्या मुलीने ते हात पाहिले आणि काविळीचा काही त्रास आहे का विचारले. आप्पांनी तिला हात नाकाशी धरून वास घ्यायला लावला.

कार्डिओग्राम चांगला निघाला. मुलगा लगेच उठू लागला. डॉक्टरांनी त्याला बसवले. पडून काढलेला कार्डिओग्राम चांगला असला म्हणून भागत नाही, चढाला जे दुखते ते चढालाच दिसते, असे म्हणून त्यांनी आप्पांना चालत्या पट्ट्यावर उभे केले. पट्टा हळूहळू वर उचलला गेला. आप्पा सातव्या मिनिटाला थांबले आणि छातीवर हात ठेवून माझ्याकडे पाहून म्हणाले, "त्योच चढ."

आत तार घालून तपासायची तारीख पुढच्या बुधवारची मिळाली. एसटीत बसल्यावर आप्पांनी पहिली गोष्ट विचारली ती ही, की बुधवारी संध्याकाळपर्यंत सोडतील का, कारण शुक्रवारी शिजवलेली हळद तोवर उलटायला यायची होती.